बोटं बधिर झाली की लगेच सांगा

(गिर्यारोहकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फोटो दाखवण्याआधी या टेबलावर काय मांडलंय ते बघा. हा भांडी घासायचा ब्रश, लांब दांड्याचा, कुठल्याही दुकानात मिळतो तसला. शेजारी जाड हातमोजे, त्यांच्या आत घालायचे लोकरीचे पातळ मोजे, आणि एक काडेपेटी. फिनमार्कच्या पठारावर आठ दिवस जे सामान वापरलं, त्यातलं महागडं काही मी आणलेलं नाही. जे सगळ्यात जास्त वेळा हातात आलं, ते आणलंय.

फिनमार्क म्हणजे नॉर्वेचं अगदी वरचं टोक. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर आहे आणि आम्ही जिथून निघालो ते आल्टा गाव जवळजवळ 70 अंशांवर. तिथून योत्का, मोलिशोक, राव्नास्तुआ करत काराशोकपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास स्कीवर चालत जायचं, आपलं सामान आपण मागे ओढायचं आणि रात्री बर्फावर तंबू ठोकायचा. उंचीचं म्हणाल तर पठाराचा बराचसा भाग 300 ते 500 मीटरवर, म्हणजे पुण्याहूनही खाली. श्वास लागत नाही, डोकं दुखत नाही. हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला वाटतं, हे तर सपाट मैदान. पण नॉर्वेत आजवर नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान याच काराशोकचं आहे : उणे 51.4 अंश, 1 जानेवारी 1886. आम्ही मार्चअखेरीस गेलो. तेव्हा दिवस बारा तासांहून मोठा झालेला असतो. तरी एका पहाटे तंबूबाहेरचा पारा उणे 31 वर होता.

आम्ही सात जण आणि दोन गाइड. गाइड घेऊन जाण्याबद्दल आपल्याकडे अजूनही नाक मुरडलं जातं. ‘पैसे भरून गेलात, म्हणजे तुमचं काय त्यात?’ असं मला दोघांनी तोंडावर विचारलं. माझं उत्तर सरळ आहे. सह्याद्रीत पंचवीस वर्षं हिंडून मला जे कळलं, त्यातलं बरंचसं तिथे उपयोगी पडत नव्हतं. काही सवयी तर उलट घात करणाऱ्या होत्या. त्यातली एक मी तिसऱ्या दिवशी दाखवून दिली. ती गोष्ट सांगायलाच आज आले आहे.

त्याआधी पहिला दिवस. आल्ट्यात एका हॉलमध्ये प्रत्येकाने आपलं सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि गाइड रांगेने बघत गेले. माझ्या जॅकेटच्या प्रत्येक झिपला त्यांनी बोटभर लांब दोरी बांधायला लावली, जाड मोजे घातलेल्या हाताने ती ओढता यावी म्हणून. तंबूच्या काठ्यांचे बहुतेक सांधे टेपने गुंडाळून टाकले. काठ्या फक्त मधे दुमडायच्या आणि लांबच्या लांब स्लेजवर, म्हणजे आपण मागे ओढायच्या घसरगाडीवर बांधायच्या. वाऱ्यात प्रत्येक सांधा जुळवत बसायला तिथे हात रिकामे नसतात. मग खाणं. मी घरून डिंकाचे लाडू नेले होते. तूप, डिंक, खारीक, खोबरं, सुकामेवा. थंडीत ओढायला याहून चांगलं काय! गाइडने एक उचलून रात्रभर बाहेर ठेवला. सकाळी तो दगड झाला होता, दात लागेना. त्याच संध्याकाळी सगळे लाडू शेगडीजवळ मऊ करून मी सुपारीएवढ्या गोळ्यांत पुन्हा वळले. चॉकलेटचे, चीजचे, सगळ्याचेच असे आधी तुकडे करायचे असतात. गोळी गालात धरली की दोन मिनिटांत सुटते. माझ्या लाडवांना शेवटी त्या नॉर्वेजियन माणसांकडून जेवढी मागणी आली, तेवढी घरी कधी आली नाही.

चालण्याची पद्धतही ठरलेली. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं. थांबल्याबरोबर आधी मोठं जॅकेट चढवायचं आणि मग बाकी सगळं. तहान लागली असली तरी बाटली नंतर. आणि निघताना थोडं काकडतच निघायचं. याची सवय व्हायला मला तीन दिवस लागले. उबदार होऊन निघालात तर पंधरा मिनिटांत घाम येतो. तो घाम कपड्यांत गोठतो आणि पुढच्या थांब्यावर तोच तुमचा वैरी होतो. म्हणून अंगालगत नॉर्वेत लोकरीची जाळीची बनियन घालतात. हेन्रिक ब्रून नावाच्या नॉर्वेच्या एका लष्करी अधिकाऱ्याने 1933 मध्ये मासेमारीच्या जाळ्यांपासून पहिली तशी बनियन शिवली. जाळीच्या भोकांत हवा राहते, ऊब धरते, आणि घामाला बाहेर जायला वाट मिळते. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथल्या एका दुकानात ती बनियन हातात घेतली तेव्हा किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी डोळ्यांपुढे आली.

स्लेजबद्दल एकच सांगते. बर्फ जितका थंड तितका घसरगुंडीसारखा, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. उणे वीस-पंचवीसच्या खाली बर्फ वाळूसारखा वागतो. स्कीखाली सरकत नाही, खरखरतो, आणि पंचेचाळीस किलोची स्लेज सत्तर किलोची वाटते. इथल्या टेकडीवर कमरेला पट्टा बांधून मी चार महिने गाडीचा टायर ओढला होता. तो सराव त्या सकाळी कामी आला.

आता तिसरा दिवस. वाटेत येशयाव्री नावाचा तलाव लागतो, फिनमार्कमधला सगळ्यात मोठा. गोठलेला, चहूबाजूंनी पांढरा. काठ आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसलेली. वारा समोरून. हवा उणे वीस असताना ताशी पस्तीस किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे 33 किंवा 34 वाटतं. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आधी दुखायला लागलं. मग दुखायचं थांबलं. मला बरं वाटलं. पुढचा थांबा वीस मिनिटांवर होता. मनात म्हटलं, आठ माणसांना आपल्या दोन बोटांसाठी का थांबवायचं, थांब्यावर बघू.

हे वाक्य आपल्या रक्तातलं आहे, मंडळी. मी ज्या ग्रुपमध्ये वाढले तिथे ‘ती कधी कुरकुरत नाही’ ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. टाचेला फोड आला, गुडघा सुजला, तरी कॅम्पवर पोहोचेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. मीसुद्धा नव्या मुलामुलींना हेच शिकवत आले.

थांब्यावर मला जॅकेटची झिप उघडता येईना. दोरी बांधलेली होती, तरीही. गाइडचं लक्ष गेलं. त्याने मोजा काढला. दोन्ही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी पडली होती. मेणबत्तीचा असतो तसला निर्जीव पांढरा रंग. चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही. आपल्याकडे कुणी कुणी अजून तसं सांगतं, ते साफ चुकीचं आहे. त्याने स्वतःच्या जॅकेटची चेन उघडून माझा हात आपल्या काखेत धरला आणि तसाच उभा राहिला. दुसऱ्या गाइडने काही न बोलता तंबू काढायला घेतला. दिवसाचे चार किलोमीटर शिल्लक असताना आम्ही उघड्या तलावावर मुक्काम केला. बोटांत रक्त परत आलं तेव्हा ज्या कळा आल्या त्यांनी मी रडले. नशिबाने कातडीच्या वरवरच भागलं. आठवड्याने साल निघाली. आज तीन वर्षं झाली, फ्रिजमधून दूध काढताना ती दोन बोटं अजून झिणझिणतात.

रात्री गाइड जे बोलला ते जसंच्या तसं लक्षात आहे. म्हणाला, “वीस मिनिटांपूर्वी सांगितलं असतंस, तर हात फिरवून दोन मिनिटांत काम झालं असतं. तू गप्प राहिलीस आणि नऊ जणांचा दिवस बदलला.” आवाज चढलेला नव्हता. पण मला इतकं लागलेलं बोलणं मी क्वचित ऐकलंय. आमचा वेळ वाचवायचा म्हणून मी गप्प राहिले होते. प्रत्यक्षात तोच सगळ्यांचा वेळ मी खाल्ला. आणि त्या वाऱ्यात नऊ माणसं हलत नाहीत, एका जागी उभी आहेत, हा धोका वेगळाच.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. शाळेतल्या मुलांना ते पाठ असतात. 1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथे डोंगरात अठरा माणसं दगावली, त्यानंतर ते घरोघरी पोहोचवले गेले. आठवा नियम म्हणतो : वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. आपल्या किती क्लबांच्या भिंतीवर हे लिहिलेलं आहे? आपल्या भिंतीवर जिंकलेल्या सुळक्यांचे फोटो असतात. माझाही आहे.

त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवसापासून, प्रत्येकाने जोडीदार ठरवला. पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कानाची पाळी. पांढरा ठिपका दिसला की तिथल्या तिथे थांबून उघडा तळवा त्यावर धरायचा. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचा बघायचा. माझी जोडीदार साठीची एक डच बाई होती. दर वेळी माझ्या नाकाकडे इतकं निरखून बघायची की आधी संकोच वाटला. पुढे पुढे तिने बघितलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आता मुक्कामाविषयी, कारण खरी मोहीम तिथेच असते. तंबूचा वाऱ्याकडचा दोर आधी बांधायचा, तोही तंबू पिशवीतून पूर्ण बाहेर येण्याआधी. नाहीतर तंबू गेला म्हणून समजा. खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नाहीत, म्हणून स्की आणि काठ्याच खुंट्या होतात. तंबूच्या पुढच्या पडवीत गुडघाभर खड्डा खणायचा. थंड हवा जड, ती त्यात उतरते, आणि तुम्हाला बाकावर बसल्यासारखे पाय सोडून बसता येतं, स्वयंपाक करता येतो. आणि आत जाण्यापूर्वी हा ब्रश. बूट, पँट, जॅकेट, टोपी, पाठ. एकमेकांची पाठसुद्धा घासायची. आत गेलेला प्रत्येक कण वितळणार, झोपायच्या पिशवीत मुरणार आणि पहाटे गोठणार. सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाचा बर्फ साचलेला असतो, तोही आधी ब्रशने झाडायचा आणि मगच शेगडी पेटवायची.

मग दोन-अडीच तास पाणी. एक लिटर पाण्यासाठी भुसभुशीत बर्फाची पातेल्यावर पातेली लागतात. बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. पातेल्यात आधी थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. पडवीची वरची झडप उघडी हवीच, कितीही वारा असो. बंद तंबूत शेगडीचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपवतो. शेवटी उकळतं पाणी बाटल्यांत भरून त्या पायाशी घेऊन झोपायचं. बुटांचे आतले अस्तर, बॅटऱ्या, ओले मोजे, सगळं आपल्याबरोबर पिशवीत.

पाण्यावरून एक आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1888 मध्ये नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रित्योफ नान्सेन आणि त्याच्या पाच साथीदारांनी ग्रीनलंडचं बर्फाचं पठार स्कीवर पहिल्यांदा पार केलं. त्या बर्फावर त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते तहानेने. बर्फ भरलेल्या बाटल्या छातीशी धरून ते थेंब थेंब पाणी मिळवत. त्या सहांतले दोघं, साम्युएल बाल्तो आणि ओले निल्सन राव्ना, सामी होते, आणि दोघंही काराशोकचे. आम्ही ज्या गावाकडे चाललो होतो, तिथले. या पठारावर रेनडिअर पाळत सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बुटात वाळलेलं गवत भरून पाय कोरडे ठेवायची युक्ती त्यांचीच. आजही हिवाळ्यात कळप पठारावर असतात आणि वसंतात किनाऱ्याकडे निघतात. सहाव्या दिवशी दूरवर एक कळप दिसला तेव्हा गाइडने आम्हाला लांबचा वळसा घालायला लावला. हिवाळ्याअखेरीस जनावरं उपाशी असतात, गाभण असतात. त्यांना पळवलं तर साठवलेली चरबी जाते. फोटोसाठी कुणीही हट्ट धरला नाही, याचा मला फार आनंद झाला.

सातव्या दिवशी दुपारी आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, पंचविशीचा, मधेच थांबला आणि मोठ्याने म्हणाला, “माझा उजवा अंगठा मला कळत नाहीये.” अख्खी रांग थांबली. बूट काढला, पाय डच बाईंच्या पोटावर, सात मिनिटं. रंग परत आला, मोजा बदलला, निघालो. कुणी घड्याळ बघितलं नाही. गाइडने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाता जाता माझ्याकडे बघितलं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी टाच मोकळी असलेल्या स्कीवर चालायला शिकावं. गुलमर्ग-औलीत उतारावरची स्की शिकता येते, ती उपयोगी पडते, पण ही चाल वेगळी. टायर उद्यापासून ओढायला लागा. बाकी प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. आणि जाताना या टेबलापाशी थांबा. आतले मोजे घाला, वरून जाड मोजे घाला आणि या पेटीतली काडी ओढून बघा. पेटली नाही तर शेजारच्याला सांगा.