घड्याळ कुठल्या दारापासून?

मंडळी, कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झालाय, तेव्हा थोडक्यात आटोपतो. हसू नका, मी स्वतः चाळीस मिनिटं उशिरा आलोय. आणि मी हृदयाचा डॉक्टर, माझं पोट मिनिटं मोजण्यावर चालतं!

हार्ट अ‍ॅटॅकचा पेशंट हॉस्पिटलच्या दारात आला की ९० मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनी फुग्यानं उघडायची. २००६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीनं, म्हणजे हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, त्यासाठी मोहीमच काढली. नवं यंत्र वगैरे काही नाही हो. पूर्वी कॅज्युअल्टीत ईसीजी निघायचा, मग माझ्यासारखा कुणीतरी येऊन तो बघणार, मग कॅथलॅबच्या, म्हणजे जिथं तो फुगा घालतात तिथल्या, माणसांना एकेक फोन. आता कॅज्युअल्टीवालाच ठरवतो, एका फोनवर सगळे निघतात. म्हणजे मला मधून काढलं आणि कामं भराभर व्हायला लागली. बायकोला याचं मुळीच नवल वाटलं नाही.

गेल्या महिन्यात परळहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. माझ्या बाबांना पहाटे छातीत जड वाटलं. त्यांनी ओवा चावला, सोडा प्यायले, पेपर वाचला. दहाला दरदरून घाम फुटला, तेव्हा चाळीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. केईएम तिथून चालत दहा मिनिटं. मी तिथंच शिकलो. बाबा वाचले.

लेक सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तुझं घड्याळ कुठल्या दारापासून सुरू होतं? आजोबांच्या की हॉस्पिटलच्या?"

२०१३ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता. हॉस्पिटलच्या दारापासून फुग्यापर्यंतचा वेळ चार वर्षांत ८३ मिनिटांवरून ६७ वर आला, हॉस्पिटलातले मृत्यू मात्र जवळपास तेवढेच. त्यावर आम्ही परिषदांमधून तावातावानं भांडलो. दाराबाहेरचा वेळ, हा मुद्दा तिथंही निघाला होता. पण तो स्लाइडवर होता, परळच्या जिन्यावर नव्हता.

आपण परदेशातून आईवडिलांना आयपॅड पाठवतो, बदाम पाठवतो, ग्रुपवर 'जोरात खोका, अ‍ॅटॅक थांबतो' असलं काहीबाही पुढे ढकलतो. छातीत जड वाटलं तर ओवा नको, आधी १०८ लावा, हे कितीजणांनी सांगितलंय? हात वर करू नका. मीही सांगितलं नव्हतं.

आता सांगितलंय. परवा संध्याकाळी साडेपाचला बाबांचा फोन आला. तिकडे मुंबईत पहाटेचे तीन. म्हटलं, छातीत काही होतंय का?

"छे रे, सहज केला."