चकतीवरचा टक्का, मेंदूतला दाब

भूलयंत्रावर औषधाची एक छोटी टाकी बसवलेली असते. तिच्या माथ्यावर आकड्यांची गोल चकती. भूलतज्ज्ञ ती २ वर फिरवतात. सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधाची वाफ ऑक्सिजनबरोबर फुप्फुसात जाते, आणि रुग्ण झोपतो. ही टाकी म्हणजे व्हेपोरायझर.

चकतीवरचा तो २ टक्के मात्र समुद्रसपाटीचा आहे.

आत डोकावूया. येणारा बहुतेक वायू बाजूच्या वाटेने सरळ निघून जातो. उरलेला थोडासा औषधाच्या कप्प्यातून वाफ घेऊन येतो आणि पुढे दोन्ही मिसळतात. कप्प्यातल्या वाफेचा दाब ठरतो तापमानावर. २० अंश सेल्सिअसला सेव्होफ्लुरेनचा हा दाब सुमारे १६० मिलिमीटर पारा. बाहेरची हवा दाट असो की विरळ.

आता हेच यंत्र साधारण २,४०० मीटर उंचीवर नेऊ. हवेचा दाब ७६० वरून ५७० पर्यंत उतरतो. वाफेचे १६० तसेच राहतात. साहजिकच मिश्रणात तिचा वाटा वाढतो. चकती २ वरच, आणि बाहेर पडतात जवळपास २.९ टक्के!

मग भूल जास्त चढेल? घाबरण्याआधी हिशेब करू. मेंदूवर काम करतो तो वाफेचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणाच्या एकूण दाबातला तिचा एकटीचा दाब. ७६० चे २ टक्के म्हणजे १५ मिलिमीटर. ५७० चे २.९ टक्के म्हणजे साडेसोळा. टक्का जवळजवळ दीडपट झाला, भूल मात्र किंचितच वाढली. टाकीने स्वतःच स्वतःला सावरून घेतलं. मला यातलं भौतिकशास्त्र फार देखणं वाटतं.

डेस्फ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या औषधाचं तसं नाही, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. ते २३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या तापमानाला! साध्या टाकीत ते आवरणार कसं? म्हणून त्याच्या खास व्हेपोरायझरमध्ये ते ३९ अंशांपर्यंत तापवतात आणि दाबाखालची वाफ मोजून वायूत सोडतात. बाहेर हवेचा दाब कितीही असो, ६ वर ठेवलं की ६ टक्केच मिळणार.

समुद्रसपाटीला हे ६ टक्के साडेपंचेचाळीस मिलिमीटर भरतात. त्या उंचीवर फक्त ३४. यंत्रात बिघाड नाही, आकडा अचूक आहे, तरी रुग्णाची भूल हलकी. तिथे चकती ८ वर न्यावी लागते.

उच्चदाब कक्षात नेमकं उलट. दोन वातावरणांच्या दाबाखाली तेच ६ टक्के दुप्पट औषध देतात. तिथे चकती ३ वर आणायची.