घास अडकतोय? ऑपरेशनशिवायचे उपाय

नमस्कार मंडळी. पंगतीत सगळे हात धुऊन उठले, तरी ज्याचं ताट अजून अर्धं आहे असं कोणी तुमच्या घरात आहे का? भाकरी आमटीत पार भिजवून खाणारं, प्रत्येक घासामागे पाणी पिणारं? आपण म्हणतो, हा पहिल्यापासनं असाच, रवंथ करत जेवतो. पण अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज असली की माणूस असंच जेवायला शिकतो. या आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासूनच तो पक्का कळतो.

ऑपरेशन लागतं का? जवळजवळ कधीच नाही.

पहिला उपाय ओळखीचा आहे, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. हो, आपली अ‍ॅसिडिटीचीच गोळी! पण इथं डोस जास्त असतो आणि ती दोन-तीन महिने नेमानं घ्यायची असते. निम्म्याच्या आसपास रुग्णांची सूज यानं उतरते. मात्र चार दिवस घेऊन "गुण नाही" म्हणून सोडू नका.

दुसरा उपाय, हा बघा. (पंप कॅमेऱ्यासमोर धरून) दम्याचा फ्लुटिकासोनचा पंप. यातलं औषध इथं ओढायचं नाही, गिळायचं. तोंडात फवारा मारताना श्वास रोखायचा आणि लगेच गिळायचं. मग चूळ भरून थुंकायची, आणि अर्धा तास चहासुद्धा नाही, नाहीतर औषध पोटात वाहून जातं. औषधाच्या दुकानात सवयीनं "जोरात ओढा" असंच सांगतील, म्हणून डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. कधीकधी बुडेसोनाइडचं औषध मधासारख्या दाट पदार्थात कालवूनही गिळायला देतात. या दोन्ही औषधांनी तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी होऊ शकते. पांढरे चट्टे दिसले तर सांगा.

तिसरा उपाय पथ्याचा, आणि खरी परीक्षा इथंच. पूर्वी दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे, सगळं एकदम बंद करायचे. मोठ्या माणसांवरच्या २०२३ च्या एका अभ्यासात नुसतं दूध बंद करूनही जवळपास तेवढाच गुण दिसला. म्हणून मला विचाराल तर सुरुवात दुधापासून. पण दूध बंद म्हणजे चहातलं, दही, ताक, पनीर, साताऱ्याचे कंदी पेढे, सगळं आलं. "गाईचं सोडलं, म्हशीचं चालू ठेवलं" हे चालत नाही, दोन्हींतली प्रथिनं सारखीच. तुपाचं डॉक्टरांना विचारा. गहू सोडायची वेळ आली तर सांगली-सातारकरांना काय अवघड? ज्वारीची भाकरी आहेच. लहान मुलांना मात्र आहारतज्ज्ञांशिवाय पथ्यावर ठेवू नका, वाढ खुंटते.

यानं भागलं नाही तर डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत २०२२ पासून या आजारासाठी त्याला मान्यता आहे, परवडायला जड. आणि नळी फार अरुंद झाली असेल तर एंडोस्कोपीतूनच फुग्यानं ती रुंद करतात. त्यानं घास उतरतो, सूज तशीच राहते, म्हणून औषध सोडायचं नाही.

बरं वाटलं तरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी लागते. त्रास थांबला तरी आत सूज असू शकते.

आणि मटणाचा तुकडा अडकला, थुंकीही गिळता येईना, तर वरून पाणी किंवा केळं ढकलत बसू नका. रात्र असली तरी एंडोस्कोपीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.