फिटत नाही ती उचल

[दृश्य: डोंगरपायथ्याचं गाव. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरतायत.]

दिवाळी सरली. ट्रॉलीत काय काय चढतंय बघा: बाजरीची पोती, सरपण, पाण्याची टाकी, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं. बीड, जालना, धाराशिव, परभणी, पाथर्डी-शेवगाव या पट्ट्यातून दर हंगामाला लाखो माणसं ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या फडांवर, म्हणजे उसाच्या शेतांवर, उतरतात. काही पार कर्नाटकात जातात.

कारण विचारलं की एकच उत्तर येतं: दुष्काळ. सुरुवात तशीच झाली. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग कालव्यांच्या पाण्यावर कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली कोरडवाहू माणसं मोठ्या संख्येनं तिकडे लोटली. पण पाऊस बरा झाला त्या वर्षीही या ट्रॉल्या भरतातच. त्याचं उत्तर उचलीत आहे.

[दृश्य: मुकादमाची वही.]

उचल म्हणजे आगाऊ मजुरी. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला पैसा लागतो तेव्हा, म्हणजे हंगामाच्या कितीतरी आधी, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) ती देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. एका कोयत्याला लाखाच्या आसपास उचल मिळते.

आता हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला साधारण ३६६ रुपये मिळू लागले. लाख रुपये फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. तगडं जोडपं दिवसाला दोन टन तोडतं, म्हणजे एकही सुट्टी न घेता १३७ दिवस. आणि हंगाम किती दिवसांचा? कारखान्यांची गाळप क्षमता वाढली, ऊस मात्र तेवढाच किंवा कमी. २०२४-२५ मध्ये कितीतरी कारखान्यांचे बॉयलर फेब्रुवारीतच थंड झाले. त्यात आठवड्याच्या बाजाराला घेतलेली खर्ची, म्हणजे खर्चाचे पैसे, वहीत चढते. आजारपणात खाडा पडला तर पाचशे रुपयांपासून पुढे कापले जातात. उरते ती बाकी. बाकी असली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

[दृश्य: फड, पहाट. कोयत्याचा आवाज तसाच ठेवावा.]

ऊस जमिनीलगतच छाटायचा. बुडख्याकडे साखर जास्त असते, आणि खोडकी उंच राहिली तर खोडवाही (त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) नीट फुटत नाही, म्हणून शेतकरी बांधावर उभा राहून बघत असतो. मग पाचट, म्हणजे वाळका पाला, सोलायचं, शेंड्याचा हिरवा पाला म्हणजे वाढं तोडायचं, कांड्या ओळीनं पाडायच्या. बाई मागून मोळ्या बांधत येते, वाढ्याचाच पीळ देऊन. एक मोळी पंचवीस-तीस किलोंची. दोन टन म्हणजे अशा सत्तर-ऐंशी मोळ्या. वाढं चारा म्हणून विकलं की मीठ-मिरचीचे पैसे सुटतात. वहीत न चढता रोख हातात येते ती एवढीच.

[दृश्य: रात्र. फळी, गाडीचे दिवे, डोक्यावर मोळ्या.]

फडात गाडी कधी येईल याचा नेम नाही. कारखाना चोवीस तास चालतो, आणि तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) पडायला हवा, नाहीतर वजन आणि उतारा, म्हणजे निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, दोन्ही घटतात. म्हणून रात्री दोनला गाडी लागली तर दोनला उठायचं. गाडीत चढायच्या हातभर रुंदीच्या फळीवर दव पडलेलं, पाय सटकतो. गाडी भरून गेली तरी काम संपत नाही. यार्डात रांग लागली की ऊस वाळतो. मजुरी काट्यावरच्या वजनावर मिळते, त्यामुळे रांगेत वाळलेल्या उसाची तूट तोडणाऱ्यांच्या टोळीलाही सोसावी लागते. रांग लावली कारखान्यानं, हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

[दृश्य: कोप्यांची वस्ती.]

वाकून शिरावं लागतं इतकी ठेंगणी कोपी, म्हणजे राहायची झोपडी. पोरांची शाळा मध्येच तुटते, मुलींची लग्नं लवकर होतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

[दृश्य: वजनकाटा, पावती छापली जाते.]

कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी. मुकादमाला मजुरीवर सुमारे वीस टक्के कमिशन. तोडणाऱ्याशी कोणाचाच लेखी करार नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही आणि अपघात झाला तर जबाबदार कोण हेही ठरत नाही. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर येतो, शेतकऱ्याचं नाव येतं, वाहतूकदाराचं येतं. त्याच पावतीवर टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, बाईच्या नावासकट नोंद घातली तर उचल किती फिटली हे मुकादमाच्या वहीवर अवलंबून राहणार नाही. काट्यावर संगणक आहेच. रकाने तेवढे वाढवायचे आहेत.