मे महिन्यात फेटायचं क्रीम

रत्नागिरी, मे महिन्याची दुपार. हवा इतकी दमट की तळलेला पापड तासाभरात सादळावा. अशा हवेत क्रीम फेटायचं तर त्याची तयारी आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये सुरू होते.

आधी पाकिटावर फॅटचा आकडा बघा. किमान ३० टक्के हवं, ३५ असेल तर उत्तम. किराणा दुकानात सहज मिळणारं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचं असतं. फ्रूट सॅलडला ते चालतं, पण कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. घरची साय? दूध तापताना तिच्यातली स्निग्धता आधीच गोळा झालेली असते. फेटली की थेट लोणी.

क्रीम रात्रभर फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको. स्टीलचं खोलगट भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये. फेटताना भांडं परातीत ठेवून भोवती बर्फ आणि थोडं पाणी घाला. नुसते बर्फाचे खडे भांड्याला नीट टेकत नाहीत.

थंडीचा एवढा आग्रह का, तर क्रीममधले स्निग्ध कण गार असताना अर्धवट घट्ट असतात. फेटताना ते एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. १० अंशांच्या वर गेलं की ते मऊ पडतात आणि बुडबुडे फुटतात.

२५० मिली क्रीमला २५ ग्रॅम पिठीसाखर आणि पाव चमचा व्हॅनिला. हापूस घालणार असाल तर साखर १५ ग्रॅम पुरे, आणि व्हॅनिला अजिबात नको. सुरुवात मंद गतीने. बीटरच्या रेघा उमटू लागल्या की साखर घाला, मग मध्यम गती. आता बीटर उचलून बघा. टोक उभं राहतंय, शेंडा किंचित वाकतोय. इथेच थांबायचं. क्रीम जवळपास दुप्पट झालेलं असतं.

यापुढे खेळ सेकंदांचा. आधी चमक जाते, मग कडेला रवाळ दिसू लागतं. तेवढ्यात लक्षात आलं तर दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून चमच्याने हलकेच ढवळा, सावरतं. पाणी सुटलं की मात्र संपलं. ते गोड लोणी पोळीबरोबर खावं.

फ्रान्समध्ये या गोड क्रीमला क्रीम शांतिई म्हणतात. वातेल नावाच्या फ्रेंच कारभाऱ्याने १६७१च्या शाही मेजवानीत ते शोधलं, अशी कथा सांगतात. पण इटलीत त्याआधी शंभर वर्षं फेटलेलं क्रीम खाल्लं जात होतं.

हापूसचा रस तसाच ओतला तर त्यातल्या पाण्याने क्रीम बसतं. २०० ग्रॅम रस मंद आचेवर १२० ग्रॅमपर्यंत आटवा, पूर्ण गार करा, मग खालून वर, हलक्या हाताने मिसळा. आटवताना थोडा सुवास उडतोच, म्हणून वर ताज्या फोडी. त्याही वाढायच्या वेळीच.

लग्नाचा केक मांडवात दोन तास उभा राहणार असेल, तर वनस्पती तेलाचं तयार टॉपिंगच घ्यावं. उकाड्यात ते टिकतं. पण ते मुळातच गोड असतं आणि हापूसचा स्वाद झाकून टाकतं. वाटीतल्या आंब्यासाठी दुधाचंच क्रीम हवं.

उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याच फ्रीजमध्ये सुरमई असेल तर उघडं क्रीम रात्रीत तिचा वास ओढून घेतं.