आधी हॉल रिकामा करा, मग बोलू

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हॉल आहे दहा बाय चौदाचा. काका-काकू इथे नव्वदच्या दशकापासून राहतायत आणि घरातल्या निम्म्या वस्तू 'असू दे, लागेल कधीतरी' या एका वाक्यावर टिकून आहेत. मुलीचं म्हणणं होतं की हे सगळं काढून टाका, एल शेपचा सोफा घ्या, भिंतभर टीव्ही युनिट करा. काकूंनी एकच विचारलं, "तो सोफा या जिन्याच्या वळणावरून वर येईल का गं?" मोजलं. येत नव्हता. विषय संपला.

मग ठरलं की नवीन मोठं काहीच घ्यायचं नाही, आहे तेच नीट करायचं, आणि दिवाळीच्या आत करायचं.

आता हे घर आवरताना एक गोष्ट दिसते ती आधीच सांगून टाकतो. घराला नवीन लूक म्हटलं की आपण लगेच मोबाईल काढून काय विकत घेता येईल ते बघायला लागतो, पण खरी शोधायची असतात ती माणसं. पॉलिशवाला, वेतवाला, गादीवाला, कोपऱ्यावरचा टेलर. ही सगळी अजून आहेत, फक्त त्यांची जाहिरात आपल्याला दिसत नाही, त्यांचा नंबर शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे असतो.

पहिलं काम फुकटातलं. हॉल पूर्ण रिकामा करायचा. सगळं बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये, एक दिवस अडचण होऊ दे. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहिलं की कळतं, उजेड कुठून येतो, आणि आपण नेमकं तिथेच कपाट लावून बसलोय. इथेही तेच होतं, खिडकीचा तिसरा हिस्सा शोकेसने खाल्लेला. मग वस्तू एकेक करून परत आणायच्या आणि प्रत्येक वस्तूला विचारायचं, बाई तू इथे काय करतेस. शोकेसमधून काय काय निघालं ते बघा... ताजमहाल, शाळेतले कप, कुणाच्या तरी बारशातले सहा ग्लास अजून खोक्यातच, आणि दोन रिमोट ज्यांचे टीव्ही केव्हाच गेले. शोकेस हा प्रकार मराठी घरात इतका पक्का बसलाय की त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, त्यामुळे शोकेस ठेवली, फक्त अंधाऱ्या भिंतीला नेली आणि आतला निम्मा माल उतरवला. खिडकी मोकळी झाली. एवढ्यानेच हॉल मोठा वाटायला लागला, एक रुपया खर्च न करता.

आता पॉलिशचे मिस्त्री आलेत. हा सागवानी सोफा आणि टीपॉय काकांच्या वडिलांनी करून घेतलेला. सागवान आहे म्हणजे आत माल उत्तम, वर मात्र पॉलिश काळवंडलंय आणि टीपॉयवर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं. मिस्त्री काय करतायत बघा. टीपॉय उलटा केला, खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासला. पॉलिश चिकट झालं, कापसावर तपकिरी उतरलं. याचा अर्थ हे लाखेचं पॉलिश आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे जुनं पॉलिश अख्खं खरवडून काढायची गरज नसते, वरचा मळ साफ करून त्याच्यावर नवीन हात मारता येतो आणि तो जुन्यात मिसळून जातो. तेच जर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हल्लीचं केमिकलचं पॉलिश असतं तर स्पिरिटने काही झालं नसतं, मग घासण्याशिवाय इलाज नाही. एवढी एक टेस्ट स्वतः करून मगच मिस्त्रीशी रेट ठरवा, कारण 'सगळं घासावं लागेल' हे वाक्य महाग पडतं.

चपडा लाख म्हणजे पातळ पापुद्रे असतात, तुकड्यातुकड्याचे, मधाच्या रंगाचे. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम, रात्रभर बरणीत भिजत ठेवायचे, अधूनमधून हलवायचं, सकाळी गाळून घ्यायचं. आधी पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेरेषेने, आडवा फिरवला की ओरखडे कायमचे. मग कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळून, त्याच्यावर पॉलिश घेऊन, हात सरकता ठेवायचा, थांबायचं नाही, थांबला तिथे बोळा चिकटतो आणि डाग पडतो. एक हात, वाळू द्यायचं, बारीक पेपर, परत हात. असे किती हात? मिस्त्री म्हणतात, "लाकूड बोलेल तेव्हा थांबायचं." बरं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेत दमटपणा असला की लाखेचं पॉलिश पांढरट, धुरकट पडतं आणि मग दोष मिस्त्रीचा की आभाळाचा यावर वाद. आणि काम चालू असताना घरात आगीचं काही नको, स्पिरिट भसकन पेट घेतं, म्हणजे अगदी देवाजवळचं निरांजनसुद्धा तेवढा वेळ विझलेलं बरं. खिडक्या सताड उघड्या.

या दोन खुर्च्या वेगळ्या दिसतायत ना, काळ्या, गोल पाठीच्या. इराणी हॉटेलातल्या. दादरचं एक इराणी बंद पडलं तेव्हा काकांनी उचलल्या. या खुर्च्यांचं मूळ पार युरोपात आहे, मायकेल थोनेट नावाच्या माणसाने 1859 मध्ये बीच लाकूड वाफेवर मऊ करून, वाकवून जी खुर्ची केली त्या घराण्यातल्या या. त्याच्या मूळ खुर्चीत लाकडाचे फक्त सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती बोटीने जगभर गेली. आणि आपल्याला यातून मिळणारी कामाची गोष्ट म्हणजे, अशी खुर्ची डुगडुगायला लागली तर ती म्हातारी झाली असं समजून टाकून देऊ नका, उलटी करा आणि स्क्रू आवळा. पाच मिनिटं. काका तीन वर्षं त्या खुर्चीवर पाहुण्यांना बसू देत नव्हते, पडतील म्हणून.

वेताच्या आरामखुर्चीचं काम मात्र पाच मिनिटांचं नाही. बैठक मध्ये फाटलेली आहे आणि तिच्यावर उशी टाकून सगळ्यांनी ती फाटलीच नाही असं धरून चाललंय. वेतवाले मामा आले ते पाठीला वेताचं भेंडोळं बांधून. वेताची साल आधी पाण्यात भिजवतात, कोरडी विणायला घेतली तर तुटते. चौकटीला भोवती भोकं असतात, त्यातून आधी उभे धागे, मग आडवे, परत उभे, परत आडवे, हे एकमेकांत गुंतवत, आणि मग दोन तिरक्या फेऱ्या. त्या तिरक्या फेऱ्यांनी जाळीला अष्टकोनी भोकं पडतात. ते होईपर्यंत जाळी ढिली, बेढब दिसते, आणि तिरकी फेरी ओढली की सगळं एकदम सरळ होतं, बघतच राहावं. शेवटी कडेला भोकं झाकणारी पट्टी. ओल्यात विणलेलं असतं, वाळलं की ताणतं, बोटाने टिचकी मारली तर वाजतं. मामांची नजर तुमच्याकडे असते, हात आपले चाललेले. हे काम स्पर्शाचं आहे, म्हणूनच आपल्याकडे अंध कारागिरांना वेतकाम वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, अजूनही काही संस्थांकडून खुर्च्या विणून मिळतात, चौकशी करा.

आणि बैठक फाटलेली नसेल, नुसती खाली झोळ आली असेल, तर मामांना बोलवूच नका. खुर्ची उलटी करा, खालून गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, वेत चांगला ओला होऊ दे, मग सावलीत वाळवा आणि तोवर कुणाला बसू देऊ नका. बऱ्यापैकी ताणतो. प्लास्टिकच्या वेताला हे लागू नाही.

गोदरेजचं कपाट. गोदरेजने स्टीलची कपाटं करायला सुरुवात केली 1923 मध्ये, आणि आपल्याकडे 'गोदरेज' म्हणजे कपाट, मग ते कुणी का केलेलं असेना. याला गंज आलाय तो फक्त खाली, वीतभर, कारण रोज पोछा मारताना पाणी तिथेच लागतं. तेवढाच पट्टा पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल अस्तराचा रंग मारला, मग अख्ख्या कपाटाला ऑइल पेंट. रंगावर घरात दोन दिवस चर्चा, शेवटी गडद हिरवा. आणि पायांखाली रबराचे बूच, आता पाणी लागत नाही.

कपडालत्ता हा काकूंचा प्रांत. पडदे घ्यायला बाजारात जायचं ठरलं होतं तेवढ्यात ट्रंकेतून सासूबाईंच्या दोन नऊवारी निघाल्या, इरकली, काठ शाबूत, मध्ये मध्ये विरलेल्या. नऊवारी आठ मीटरच्या आसपास भरते, सात फुटी पडद्याला वर-खाली दुमड धरून अडीच मीटरला थोडं कमी कापड लागतं, म्हणजे एका लुगड्यात तीन पडदे आरामात. टेलरला सांगून मागे साधं अस्तर लावून घेतलं, कारण जुनं सूत उन्हाने लवकर मरतं. विरलेले तुकडे उशांच्या अभ्र्यांना, त्यातूनही उरलं ते गोधडीला. गोधडी सोफ्याच्या हातावर टाकली तर आता ती फॅशन आहे, काकूंना त्याचं हसू येतं, त्यांच्या माहेरी साताऱ्याकडे वाकळ, म्हणजे गोधडीच, पाहुणे आले की आधी लपवायचे. दिवाणावर सोलापुरी चादर, तीच, चौकोनी नक्षीची, जिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. नवीन चादर. आहे तेच नीट करायचं हा नियम तिथे मोडला, आणि बरं झालं.

माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ होतं, काळंकुट्ट. चिंच आणि मीठ लावून घासलं, अर्ध्या तासात आतून गुलाबी-लाल निघालं, आणि मग ठोक्यांच्या खुणा दिसल्या. याला मठारकाम म्हणतात, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही हातोड्याने असं ठोकतात, ठोक्याला ठोका लावून. त्याने चमक तर येतेच, पण पत्रा कडकही होतो. अशा घंगाळाला कुंडी करायची म्हणून खाली भोक पाडू नका हो, हात जोडतो. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, मनी प्लांट लावा. आणि आरशासारखं चकचकीत राहावं म्हणून रोज घासू नका, थोडं काळवंडलेलं तांबं जास्त छान दिसतं. हे माझं मत, काकूंचं नाही.

आता पटकन. फोटो. आपण फोटो छताच्या खाली टांगतो आणि मग दिसत नाही म्हणून पुढे झुकवतो. खाली घ्या, फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या नजरेला. पूर्वजांचे फोटो खाली आणायला काका तयार नव्हते, ते वरच राहिले, बाकीचे उतरले. दिवे. छताची पांढरीफेक ट्यूब स्वयंपाकाला, अभ्यासाला चांगली, पण संध्याकाळी हॉलमध्ये एका कोपऱ्यात पिवळट बल्ब लावा, खोक्यावर 2700 किंवा 3000 के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला बघून घ्या, नऊ वॅट पुरतो, शंभर-दीडशेचं काम. नवीन पॉलिशवर तो उजेड पडला की सागाच्या रेषा दिसतात, ट्यूबमध्ये त्या दिसतच नाहीत.

एखादी वस्तू खरंच कमी पडली तर जुना बाजार आहे. पुण्यात बुधवार-रविवार, मुंबईत चोर बाजार, जोगेश्वरीला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट. तिथे 'अँटिक' या शब्दावर जाऊ नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, मागची आणि खालची बाजू बघा, समोर साग आणि मागे नवीन प्लाय असेल तर समजून घ्या. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर ती वस्तू कितीही सुंदर असली तरी घरी आणू नका, कीड अजून आत जिवंत आहे, तुमच्या दाराच्या चौकटीपर्यंत पोचेल. आणि जाताना टेप घेऊन जा, जिन्याचं माप लिहून.

पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आठवडाभर टीपॉयवर गरम कप ठेवायचा नाही, असं मिस्त्रींनी जाताना दोनदा बजावलंय. आणि तुम्हाला हे सगळं दिवाळीला हवं असेल तर नवरात्रातच त्यांना गाठा, दसऱ्यानंतर ते फोन उचलत नाहीत.