दप्तरातून भरलेलीच परत येणारी बाटली

(पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांची पेये आणि रात्रीचे अंथरूण’. वाचून वाटतं, सरबतं आणि चादरी एकाच काउंटरवर मिळणार आहेत. मी दिलेलं नाव सरळ होतं, ‘मुलं रात्री गादी भिजवतात त्यात पिण्याचा वाटा किती’. पण कार्यवाह म्हणाले, बाई, पत्रिका घरोघर जाते, ‘गादी भिजवणं’ बरं दिसत नाही.

बरं दिसत नाही, इथंच सगळं अडतं. दवाखान्यात आईबाबा येतात, ताप सांगतात, खोकला सांगतात, जेवत नाही म्हणून सांगतात. फाइल मिटते, मंडळी उठतात, आणि दाराशी पोचल्यावर बाबा मागं वळून म्हणतात, “डॉक्टर, आणखी एक बारीकसं होतं…” ते बारीकसं म्हणजे हे. गेली तीन वर्षं घरात रोज पहाटे चादर बदलली जातेय, आणि ते बारीकसं आहे!

आकडे सांगून टाकते, म्हणजे निम्मी लाज इथंच जाईल. पाच वर्षांच्या शंभर मुलांमधली साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षी शंभरात पाचेक उरतात, पंधराव्या वर्षी एखाददुसरं. म्हणजे पाचवीच्या साठ मुलांच्या वर्गात तिघं तरी असणार, आणि त्या तिघांनाही वाटत असतं की अख्ख्या पुण्यात आपण एकटेच. मुलींपेक्षा मुलगे जास्त. आणि हे घराण्यातून येतं. आईबाबांपैकी एकाला लहानपणी ही सवय असेल तर मुलाला असण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास, दोघांनाही असेल तर सत्त्याहत्तरच्या आसपास. हे सांगितलं की नवराबायको एकमेकांकडे बघत नाहीत. बरोबर आलेल्या आजी मात्र लेकाकडे बघतात. (हशा)

माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होईपर्यंत रोज गोधडी भिजवायचा. आज तो चांगला मोठा अधिकारी आहे. तो सभागृहात नाही याची मी आल्या आल्या खात्री करून घेतली आहे.

आम्ही वाड्यात राहायचो, इथून चार गल्ल्या सोडून. आता तिथं इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. वाड्यात गुप्त असं काही राहत नाही. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी सकाळी माडीच्या कठड्यावर पडली की चौकापलीकडच्या काकू दात घासता घासता म्हणायच्या, “आज सुट्टी नाही वाटतं.” उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत वाळायची. श्रावणात वाळायचीच नाही, मग घरभर तो वास, त्यावर धूप, आणि धुपावर पुन्हा तो वास. उपाय सगळ्यांनी सांगितले. कुणी काळे तीळ आणि गूळ, कुणी राजगिऱ्याचे लाडू. भावानं ते मनापासून खाल्ले. गुण आला नाही, अंग आलं.

शेवटी आजीनं कायदा केला. दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंब नाही. शुभंकरोती झालं की माठावरचं ओगराळं आजीच्या ताब्यात. मे महिना असो नाहीतर काही असो. तो रडायचा, “आजी, घोटभर.” आजी म्हणायची, “घोट पोटात राहत नाही बाळा, गोधडीत येतो.” शरीरशास्त्र तिचं बरोबरच होतं.

तर एका सकाळी देवघरातून आजीची हाक आली. सगळे धावलो. रात्री देवापुढं भरून ठेवलेला तांब्याचा तांब्या रिकामा! वर फुलपात्र नीट झाकलेलं. आजी हात जोडून उभी. नामदेवाच्या हातचा नैवेद्य पांडुरंगानं खाल्ला ही गोष्ट ती आम्हाला दर आषाढीला सांगायची, आणि आता तिच्या डोळ्यांत अशी काही चमक होती की विचारू नका. आईच्या काखेत नेहमीची गोधडी, नेहमीपेक्षा जड. कुणी काही बोलेना. मी तेव्हा अकरा वर्षांची, आणि शहाणी. मी म्हटलं, “आजी, तो पांडुरंग गोधडीत आहे.” (हशा)

मार मला बसला, हे आपण लक्षात घ्या. प्यायला तो होता.

पण गंमत बाजूला ठेवू. इतक्या वर्षांनी मला त्या तांब्याबद्दल एकच प्रश्न पडतो. आठ वर्षांच्या मुलाला अंधारात उठून देवापुढचं पाणी चोरून प्यावंसं वाटतं, त्याला तहान किती लागली असेल? आणि का लागली असेल? तर तो दिवसभर पाणी पीतच नव्हता. शाळेत एक पिंप, त्याला साखळीनं बांधलेला एक पेला, आणि लघवीची सोय म्हणजे मागची भिंत. भिंतीशी मोठी मुलं उभी असायची, ती ह्याला पिडायची. म्हणून ह्यानं हिशेब केला, प्यायचंच नाही म्हणजे जायला नको. घरी आल्यावर घटाघटा दोन तांबे. आणि आजीनं नेमकं तेच पाणी बंद केलं, जे तो दिवसभरात पीत होता तेवढंच!

तेव्हापासून किती वर्षं गेली? आता दवाखान्यात गादी भिजवण्याची तक्रार आली की मी पालकांना म्हणते, पुढच्या वेळी शाळा सुटल्यावर थेट या, घरी न जाता, आणि पाण्याची बाटली दप्तरात तशीच राहू द्या. माझ्या पाठीमागं मला बाटलीवाल्या बाई म्हणतात, मला माहीत आहे. हरकत नाही. पाऊण लिटरची बाटली सकाळी सातला भरून गेलेली असते, दुपारी दीडला टेबलावर येते आणि झाकण उघडलं तर वरचे दोन घोट फक्त कमी. आई चकित. आईला आजवर वाटत असतं की बाटली नेतो म्हणजे पाणी पितो. घरी गेल्या गेल्या उरलेलं पाणी कुंडीत ओतलं जातं. कुंडीतली तुळस मात्र टवटवीत असते.

मुलाला विचारलं, का रे पीत नाहीस? उत्तरं ठरलेली. “बाई मध्ये सोडत नाहीत.” “तिथं वास येतो.” “कडी लागत नाही.” हे शेवटचं मुली सांगतात, आणि हळू आवाजात सांगतात.

एकदा मी एका शाळेत गेले. नाव सांगणार नाही, शाळा चांगली आहे, निकाल चांगला लागतो. पाऊण तास बसवून ठेवलं. भिंतीवर पाटी होती, ‘पालकांनी शिक्षकांना सल्ले देऊ नयेत’. मी पालक नव्हते, म्हणून बसून राहिले. मग मुख्याध्यापिकाबाईंनी आत बोलावलं. मी म्हटलं, मुलं लघवी धरून ठेवतात, पाणी टाळतात, त्यानं बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, रात्री गादी भिजते. त्या म्हणाल्या, “आमची स्वच्छतागृहं अगदी लखलखीत आहेत. बघायचीत का?” मी म्हटलं, बघते. शिपायाला हाक मारली. शिपायानं किल्ली आणली. खरंच लखलखीत होती! दिवसातून एकदा, मधल्या सुट्टीत, पंधरा मिनिटं उघडली तर राहणारच. मला आतून नगरपालिकेतला टाइल्सचा नमुना दाखवतात तसं दाखवलं आणि पुन्हा कुलूप. शाळांमध्ये स्वच्छतागृहं बांधायची मोठी मोहीम २०१४ साली देशभर निघाली, चांगलं झालं. किल्ली कुणाकडं असावी यावर मोहीम कुणी काढली नाही. त्यापेक्षा २०१९ साली केरळातल्या शाळांनी साधी गोष्ट केली. दिवसातून ठरावीक वेळा एक घंटा द्यायची, ती फक्त पाणी प्यायची. घंटेला पैसे लागत नाहीत, घंटा प्रत्येक शाळेत असते. मी ही सूचना त्या बाईंना केली. त्यांनी मला पाटी दाखवली.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ अरे देवा. पेयांवर तर मी अजून आलेलेच नाही. ठीक आहे, आता भराभर सांगते, लिहून घ्यायचं असेल त्यांनी लिहून घ्या.

रात्री मेंदू एक संप्रेरक सोडतो, व्हॅसोप्रेसिन, त्यानं मूत्रपिंडं रात्रपाळीत कमी लघवी तयार करतात. काही मुलांत ते रात्री पुरेसं वाढत नाही. काहींचं मूत्राशय लहान भांड्यासारखं वागतं. आणि बहुतेक सगळ्यांची अडचण एक, भरलं तरी जाग येत नाही. यातलं काहीही मूल मुद्दाम करत नाही. मूत्राशयाचा अंदाज काढायचा तर वयात एक मिळवा आणि तीसनं गुणा. सात वर्षांच्या मुलाचं २४० मिलिलिटर. म्हणजे एक पेला. आता झोपताना तुम्ही त्याला पाव लिटर दूध देता, त्याआधी जेवणात दोन पेले पाणी. गणित तुम्हीच करा.

म्हणून मी सांगते ते एवढंच, पाणी तोडू नका, पाणी सरकवा. दिवसभराच्या पिण्याचे दहा भाग धरले तर चार भाग सकाळी, चार दुपारी, संध्याकाळी पाचनंतर दोनच. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक ते सव्वा-दीड लिटर प्यायला लागतं, पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याहून जास्त. आणि संध्याकाळी मैदानावर घाम गाळून आलेल्या मुलाला पाणी नाही म्हणू नका. तहान लागलीय तर द्या, त्याला देवघरात पाठवू नका.

आता एकेक पेय. चहा. “डॉक्टर, आम्ही चहा देत नाही, चहाचं दूध देतो.” तो चहाच. कपभर चहात तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन असतं, कोलाच्या छोट्या कॅनमध्ये तीसेक. कॅफिन लघवी वाढवतं, मूत्राशयाला चाळवतं आणि झोपही बिघडवतं. ते बंद केलं की प्रत्येकाची गादी कोरडी होते असं मी म्हणणार नाही, अभ्यास तितके एकमुखी नाहीत. पण दुपारनंतर चहा-कोला बंद करून नुकसान कुणाचं झालेलं नाही. चॉकलेटच्या पावडरीचं दूध, त्यात कॅफिन थोडं असतं पण असतं, आणि साखर भरपूर. दूध द्यायचंच तर संध्याकाळी सहाला द्या. ‘झोपताना दूध’ ही आपल्याकडची श्रद्धा आहे, तिच्यावर मी बोलले की आज्या उठून जातात, म्हणून दोन तास आधी इतकीच तडजोड मागते. मस्तानी दुपारी. रात्रीच्या जेवणानंतर साडेदहाला गाडीवरून सगळं कुटुंब मस्तानी प्यायला जातं, आणि मग सकाळी मला फोन येतो. कोजागिरीचं मसाला दूध वर्षातून एकदाच असतं, ते द्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गॅलऱ्यांकडे मान वर करून बघू नका, झालं. संत्र्याचा रस, लिंबू यांच्यावर लोक आळ घेतात, त्याला पक्का आधार नाही. पन्हं, ताक, कोकम दिवसा हवं तितकं. खरा छुपा चोर पेयात नसतोच, रात्रीच्या वेफर्समध्ये, लोणच्यात आणि चायनीजमध्ये असतो. मीठ पोटात गेलं की तहान लागते, आणि ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडं रात्री पाणी खर्च करतात.

बद्धकोष्ठता बघा. कडक शौचाचा गोळा मूत्राशयाला मागून दाबतो. घोरणं बघा, नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील. आणि सहा महिने कोरडं झोपलेलं मूल अचानक भिजवायला लागलं, सारखी तहान, वजन उतरतंय, गळून गेलंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. पूर्वीचे लोक म्हणायचे, लघवीला मुंग्या लागल्या का बघा. मुंग्यांची वाट बघू नका.

एवढं करून सहा-सात वर्षांनंतरही रोजचं असेल तर उपाय आहेत. ओलं लागताच वाजणारा गजर ही १९३८ सालापासूनची युक्ती, आठवडेच्या आठवडे चिकाटीनं लावावी लागते, पण बरेचदा लागू पडते. सुरुवातीला गजरानं अख्खं घर उठतं, मूल सोडून. गोळीही आहे, डेस्मोप्रेसिन. ती दिली असेल तेव्हा मात्र आजीचा कायदा खरा. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास नाहीच, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, शेजाऱ्यांकडून उसनी तर नकोच.

एक चिठ्ठी वाचते. ‘रात्री अकराला झोपेत उचलून नेलं तर चालेल का?’ चालेल. पाहुण्यांकडे गेलात, लग्नघरात आहात, जरूर न्या. पण त्यानं मूल शिकत नाही, झोपेत लघवी करायचीच सवय तशीच राहते. तुमची झोप मोडते, गादी वाचते.

दुसरी चिठ्ठी. ‘हे सगळं सत्तर वर्षांच्या गृहस्थांना लागू आहे का?’ नाही. तुम्ही उद्या युरॉलॉजिस्टकडे जा. (हशा) आणि बाहेर चहा ठेवलाय म्हणतात, आता साडेसात वाजलेत, लहान कुणी असेल तर त्याच्या हातात कप देऊ नका.